शर्यत, कुलूप आणि हिशेब



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले की तो बोनस, महागाई भत्ता आणि कंत्राटी पद्धत ह्यांवरच बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आजचा आमचा विषय ऐकून म्हणूनच काही मंडळींनी भुवया उंचावल्या असतील. संगणकाच्या आत जी ऑपरेटिंग सिस्टिम असते, तिच्यातला मेमरीचा कारभार, आणि त्या कारभारात दोन कामे एकाच वेळी एकाच जागी हात घालू लागली म्हणजे होणारा घोटाळा, असा हा विषय आहे. इंग्रजीत त्या घोटाळ्याला रेस कंडिशन म्हणतात. आपण आज त्याला सोईसाठी ‘शर्यत’ म्हणू.

आमचे शिक्षण शाळेच्या फळ्यापाशी फार झालेले नाही. जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर झाले. ह्या विषयात आम्हांला वाट दाखवली ती अच्युत गोडबोले ह्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरील इंग्रजी पाठ्यपुस्तकाने. गोडबोले मूळचे सोलापूरचे, आणि तरुणपणी शहाद्याच्या आदिवासी चळवळीत काम केलेले. चळवळीतला माणूस यंत्राच्या पोटात शिरू शकतो, तर शब्दकोश जवळ घेऊन आपणही त्याच्या मागोमाग जाऊन पाहावे, असे आम्हांला वाटले. आज जे सांगणार आहोत ते तज्ज्ञाच्या अधिकाराने नव्हे, हिशेब तपासणाऱ्याच्या नजरेने सांगणार आहोत.

हा विषय आम्ही का निवडला? कारण आज आपली मजुरी, आपले रेशन, आपला सातबारा आणि आपले बँकेचे खाते ही चारही यंत्राच्या हिशेबावर उभी आहेत. यंत्र चुकत नाही, अशी समजूत सर्वत्र आहे. आणि यंत्र चुकत नाही असे एकदा ठरले, की चूक आपोआप माणसाच्या माथी येते. तो माणूस बहुधा कामगार असतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपल्या ह्या शहरात बिडी वळणाऱ्या भगिनींची वस्ती जुनी आहे. समजा, एका बाईच्या खात्यावर आठवड्याच्या चार हजार बिड्या जमा आहेत. आज तिने स्वतः एक हजार आणल्या आणि तिच्या मुलीने तिच्याच नावावर आठशे आणल्या. कारकून दोन, पण खातेवही एक. पहिल्या कारकुनाने वहीत पाहिले, चार हजार. तो बोटांवर बेरीज करू लागला. तेवढ्यात दुसऱ्यानेही पाहिले, चार हजारच. पहिल्याने पाच हजार लिहिले. दुसऱ्याने ते खोडून आपल्या बेरजेप्रमाणे चार हजार आठशे लिहिले. एक हजार बिड्यांची मजुरी नाहीशी झाली. कोणी चोरी केली नाही, कोणाची बेरीज चुकली नाही. दोघांचेही काम वेगवेगळे पाहिले तर अगदी बिनचूक आहे. तरी बाईचे पैसे गेले.

ही झाली शर्यत. चूक कोठे आहे? पाहणे आणि लिहिणे ह्यांच्या मध्ये जी फट राहिली, त्या फटीत चूक आहे. पाहिले तेव्हाची स्थिती लिहितेवेळी तशीच असेल, असे दोघांनीही गृहीत धरले. संगणकातही नेमके हेच होते. आपल्याला ‘खात्यात एक मिळव’ ही एक आज्ञा वाटते. यंत्राच्या लेखी बहुधा त्या तीन आज्ञा असतात: जुना आकडा उचल, त्यात मिळव, नवा आकडा परत ठेव. आजच्या संगणकात चार, आठ, सोळा प्रोसेसर एका वेळी काम करतात. एकच प्रोसेसर असला तरी तो एक काम अर्धे टाकून दुसऱ्याकडे वळतो आणि पुन्हा परततो. म्हणजे दोन कारकून असोत की मध्येच उठून जाणारा एकच कारकून असो, फट राहायची ती राहतेच.

अशी फट प्रत्यक्ष मजुरीत कशी उतरते, ह्याचा एक अनुभव सांगतो. एका कारखान्यात हजेरीचे नवे यंत्र बसले आणि काही कामगारांचा ओव्हरटाइम महिनाअखेरीस गायब होऊ लागला. व्यवस्थापनाने सांगितले, कामगारांनी कार्ड नीट दाखवले नसेल. आम्ही एक महिना हाताने वही ठेवली आणि मग तक्रारींची खातेनिहाय यादी केली. तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. ज्या खात्यांत सुपरवायझर ओव्हरटाइमचा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी भरत, तेथे एकही तक्रार नव्हती. जेथे पाळी सुटतानाच तो भरला जाई, तेथेच तास गळत होते. कामगार फाटकावर कार्ड दाखवी त्याच घटकेला सुपरवायझर त्याच्याच नोंदीत आकडा भरी, आणि दोन नोंदींपैकी एक दुसरीवर पडून पुसली जाई. यंत्र पुरवणाऱ्यांचा एक तरुण प्रोग्रॅमर आला. त्याने आमची वही पाहिली, अर्धा तास विचार केला आणि म्हणाला, ‘येथे कुलूप घालायचे राहिले आहे.’ कुलूप घातले आणि तक्रारी थांबल्या. हे कुलूप म्हणजे काय, ते पुढे सांगतो.

पण त्याआधी मेमरीच्या कारभाराकडे वळले पाहिजे. मजुरीच्या प्रोग्रॅममधल्या शर्यतीने एका माणसाचे तास जातात. मेमरीच्या कारभारात शर्यत झाली तर सगळ्या गावाचेच दप्तर विसकटते.

संगणकाची मेमरी ही शेतजमीन आहे असे समजा. तिचे सारखे तुकडे पाडलेले असतात, त्यांना पाने म्हणतात. एक पान बहुधा ४,०९६ बाइटांचे. आपल्या खिशातल्या आठ जीबी मेमरीच्या फोनमध्ये अशी सुमारे २१ लाख पाने होतात. प्रत्येक चालू प्रोग्रॅमला आपापली पाने मिळतात. कोणते पान कोणाकडे आहे, त्याला तेथे फक्त वाचता येते की लिहिताही येते, ह्याची नोंद ऑपरेटिंग सिस्टिम एका तक्त्यात ठेवते. हा तक्ता म्हणजे सातबारा, आणि ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे तलाठी. फरक इतकाच की ह्या तलाठ्याला एका सेकंदात लाखो फेरफार नोंदवावे लागतात, आणि प्रत्येक फेरफाराला हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस देण्याची सवड त्याला नसते.

जमिनीच्या व्यवहारात फसवणूक कोठे होते, हे ग्रामीण भागातल्या श्रोत्यांना सांगायला नको. एकच गट दोघांना विकला जातो. दोघेही सातबारा पाहतात, दोघांनाही मूळ मालकाचेच नाव दिसते. पाहणी आणि फेरफार ह्यांच्या मधल्या काळात दुसरा खरेदीदार शिरतो. मेमरीतही असेच होते. दोन कामांना एकाच वेळी मोकळे पान हवे असते. दोघेही यादी पाहतात, दोघांनाही तेच पान मोकळे दिसते, दोघेही ते घेतात. मग एकाने पेरलेल्या पिकात दुसरा नांगर घालतो.

आणखी एक प्रकार आहे. प्रत्येक वेळी मूळ तक्ता उघडून पाहणे सावकाशीचे काम असते. म्हणून प्रत्येक प्रोसेसर आपल्याजवळ नेहमीच्या नोंदींचे छोटे उतारे बाळगतो. आता मूळ दप्तरात पान एकाकडून काढून दुसऱ्याला दिले, पण तिसऱ्या प्रोसेसरच्या खिशातला जुना उतारा तसाच राहिला, तर तो जुन्या मालकाच्या नावाने नव्या मालकाच्या शेतात शिरेल. म्हणून नियम असा की पान दुसऱ्याला देण्यापूर्वी सर्व प्रोसेसरांना हाक मारायची, त्यांचे जुने उतारे फाडून घ्यायचे, त्यांच्याकडून ‘फाडले’ असे उत्तर घ्यायचे आणि मगच पान मोकळे समजायचे. हा क्रम उलटा झाला की घोटाळा ठरलेला.

हे सारे काल्पनिक आहे असे कोणी समजू नये. लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम आपण सर्वांनी ऐकली असेल. जगातले बहुसंख्य सर्व्हर तिच्यावर चालतात आणि अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही तीच आहे. ह्या लिनक्सच्या मेमरी-कारभारात २००७ साली एक शर्यत शिरली आणि ती २०१६ च्या ऑक्टोबरपर्यंत तेथे राहिली. तिला ‘डर्टी काऊ’ असे नाव पडले. नावाचा गाईशी संबंध नाही. ‘कॉपी ऑन राइट’, म्हणजे लिहायची वेळ येईल तेव्हाच नक्कल करणे, ह्या पद्धतीच्या आद्याक्षरांवरून ते आले.

पद्धत मोठी काटकसरीची आहे. दहा प्रोग्रॅमांना एकच मजकूर वाचायचा असेल, तर दहा प्रती कशाला काढायच्या? सर्वांना एकच पान वाचायला द्यावे. ज्याला त्यावर काही लिहायचे असेल, त्याला त्या वेळी स्वतंत्र नक्कल करून द्यावी. मूळ पान कोरे करकरीत राहते. संघटनेच्या घटनेची मूळ प्रत कपाटात असावी आणि ज्याला खुणा करायच्या त्याला झेरॉक्स द्यावी, तसेच हे.

आता शर्यत पाहा. एक माणूस दोन हातांनी दोन मागण्या करतो. उजव्या हाताने म्हणतो, ‘मला ह्या पानावर लिहायचे आहे.’ तलाठी नक्कल करतो आणि मनाशी म्हणतो, ‘नक्कल झाली, आता लिहिण्याच्या परवानगीचा प्रश्न संपला.’ नेमक्या त्याच घटकेला तो माणूस डाव्या हाताने म्हणतो, ‘माझी नक्कल मला नको, फेकून द्या.’ तलाठी फेकून देतो. मग तो उजव्या हाताच्या कामाकडे परत वळतो. परवानगीचा प्रश्न संपला, एवढेच त्याच्या लक्षात आहे. नक्कल जाग्यावर नाही, म्हणून तो मूळ पान काढून पुढे करतो, आणि त्या माणसाचा मजकूर मूळ प्रतीवर उमटतो. ज्या फाइलला हात लावण्याची त्याला परवानगी नव्हती, तीच त्याने बदलली. अशा रीतीने यंत्राचा साधा वापरकर्ता यंत्राचा मालक बनू शकत होता.

ही फट क्षणाच्या अतिसूक्ष्म भागाची. एका प्रयत्नात ती सापडणार नाही. पण संगणकाला कंटाळा येत नाही. दोन्ही मागण्या लाखो वेळा कराव्या, एकदा तरी नेम लागतोच. फिल ऑस्टर नावाच्या तंत्रज्ञाला ही शर्यत सापडली ती प्रयोगशाळेत नव्हे. कोणीतरी तिचा प्रत्यक्ष हल्ल्यासाठी वापर करीत होते, त्याचा माग काढताना ती सापडली. पुढे अँड्रॉइड फोनवरच्या उपद्रवी प्रोग्रॅमांनीही तिचा उपयोग केला.

लिनक्सचे कर्ते लायनस टोरवाल्ड्स ह्यांनी दुरुस्ती करताना तिच्यासोबत जी टीप लिहिली, तीत स्पष्ट नमूद केले की ही शर्यत त्यांना अकरा वर्षांपूर्वीच दिसली होती, त्यांनी ती बुजवण्याचा एक प्रयत्नही केला होता. परंतु आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर त्या दुरुस्तीने अडचण झाली आणि ती मागे घेतली गेली. त्या काळी ती केवळ कागदावरची शंका वाटत होती. मेमरीचा कारभार जसजसा वेगवान झाला आणि अनेक कामे अधिक मोकळेपणाने शेजारीशेजारी चालू लागली, तसतशी ती प्रत्यक्षात आणणे सोपे झाले. कारखान्यातील सुरक्षिततेच्या कामात आम्हांला हा धडा नित्य दिसतो. मंद चालणाऱ्या पट्ट्याजवळची उघडी फट वर्षानुवर्षे कोणाला इजा करीत नाही. पट्ट्याचा वेग वाढवला की तीच फट बोट मागते.

दुरुस्ती कशी केली तेही लक्षात घेण्याजोगे आहे. ‘नक्कल झाली’ ही वेगळी खूण ठेवली, आणि लिहिण्यापूर्वी ती नक्कल खरोखर जाग्यावर आहे का, हे पुन्हा तपासायचे ठरवले. म्हणजे आठवणीवर विसंबायचे नाही, वस्तुस्थिती पाहायची. तरी २०१७ च्या नोव्हेंबरात कळले की मोठ्या आकाराच्या पानांच्या बाबतीत तीच फट निराळ्या रूपाने उरली होती. ती पुन्हा बुजवावी लागली.

२०२३ च्या जुलैत आणखी एक प्रकरण उजेडात आले. पेकिंग विद्यापीठातील रुईहान ली ह्यांना ते सापडले. त्याचे नाव ‘स्टॅकरॉट’. त्यात प्रोग्रॅमची जागा वाढवताना केवळ वाचनाचे कुलूप घेऊन रचनेत बदल केला जात होता. म्हणजे दप्तर पाहण्याचा परवाना घेतला आणि आत जाऊन दुरुस्ती केली. जो त्याच वेळी खरेच वाचत होता, त्याच्या हातातले पान रद्दीत गेले.

आता उपायांकडे येतो. पहिला उपाय कुलुपाचा. ज्या वस्तूला दोघांचे हात लागू शकतात, तिला कुलूप आणि किल्ली एकच. किल्ली ज्याच्या हाती त्यानेच पाहावे, बेरीज करावी, लिहावे आणि किल्ली परत ठेवावी. मध्ये दुसरा शिरत नाही, म्हणून फट राहत नाही.

ह्या विचाराला शास्त्रीय रूप दिले ते एड्सगर डाइक्स्ट्रा ह्या डच पंडिताने, १९६० नंतरच्या पाच-सहा वर्षांत. त्याने आपल्या साधनाला नाव दिले ‘सेमाफोर’, आणि ते घेतले रेल्वेच्या हात पडणाऱ्या सिग्नलवरून. हे वाचले तेव्हा आम्हांला मोठी मौज वाटली. कारण ही गोष्ट आमच्या दाराशीच होती. दौंड-मनमाड हा लोहमार्ग १८७८ चा. विसापूर, अहमदनगर म्हणजे आजचे अहिल्यानगर, राहुरी, बेलापूर, पुणतांबे, कोपरगाव ह्या स्टेशनांवरून जाणारा हा मार्ग पुढे शंभराहून अधिक वर्षे एकेरीच होता. एकेरी मार्गावर दोन बाजूंनी दोन गाड्या आल्या तर काय होईल, हे सांगायला नको. त्यावर रेल्वेने देशभर एकेरी मार्गांसाठी टोकनची पद्धत काढली. दोन स्टेशनांमधल्या मार्गासाठी लोखंडी गोळे ठेवलेली दोन यंत्रे असतात, आणि ती विजेने एकमेकांना जोडलेली असतात. एका वेळी एकच गोळा बाहेर निघतो. तो गोळा वेताच्या कड्याला लावलेल्या पिशवीतून ड्रायव्हरच्या हाती आला, तरच गाडी पुढे जाणार. पुढच्या स्टेशनात गोळा यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा निघत नाही.

ह्यात एक बारकावा आहे. स्टेशनमास्तर प्रामाणिक आहे, सावध आहे, अनुभवी आहे, एवढ्यावर रेल्वेने भरवसा ठेवला नाही. यंत्राचीच रचना अशी केली की दोन गोळे निघूच नयेत. माणसाच्या सावधपणावर टाकलेली सुरक्षितता ही सुरक्षितता नव्हेच.

दुसरा उपाय क्रमाचा. कुलपे वाढली की नवे संकट येते. सामाईक विहिरीवर दोन भाऊ. एकाने मोटारीचा ताबा घेतला, दुसऱ्याने पाइपांचा. पहिला म्हणतो, पाइप मिळाल्याशिवाय मोटार सोडणार नाही. दुसरा म्हणतो, मोटार मिळाल्याशिवाय पाइप देणार नाही. दोघांचीही पिके वाळतात. संगणकात ह्याला डेडलॉक म्हणतात. उपाय साधा: प्रत्येकाने आधी मोटार आणि मगच पाइप घ्यायचा, हा क्रम कोणीही मोडायचा नाही. असा क्रम पाळला तर कोंडी होऊच शकत नाही. आपल्या जिल्ह्यात कालव्याच्या पाण्याला शेजपाळी आहे. पाण्याचा क्रम आधी ठरलेला असतो, म्हणूनच बांधावर मारामारी टळते. लिनक्समध्ये २००६ पासून असा एक तपासनीस बसवलेला आहे की जो कुलपांचा क्रम कोठे उलटा झाला, हे कोंडी प्रत्यक्ष होण्यापूर्वीच सांगतो.

तिसरी गोष्ट कुलुपाच्या आकाराची. सगळ्या वाड्याला एकच कुलूप लावले तर चोरी होणार नाही, पण एक जण आत असताना बाकी सर्व बाहेर तिष्ठत राहतील. लिनक्समध्ये १९९६ साली असे एक मोठे कुलूप आले. प्रोसेसर वाढले तशी त्याच्यापुढे रांग लागू लागली. खोलीखोलीला स्वतंत्र कुलूप लावत लावत ते मोठे कुलूप पूर्णपणे काढायला २०११ साल उजाडले. पंधरा वर्षे. सुरक्षिततेला धक्का न लावता काम मोकळे करणे किती चिकाटीचे असते, ते ह्यावरून दिसते. मेमरीच्या कारभारात तर हे काम आजही चालू आहे. प्रोग्रॅमच्या साऱ्या जागेला मिळून एक कुलूप होते, तेथे २०२३ पासून एकेका भागाला वेगळे कुलूप येऊ लागले आहे.

चौथी गोष्ट मोजणीची. एक पान पाच जण वापरत असतील, तर पाच हा आकडा त्या पानावर लिहिलेला असतो. जो सोडून जाईल त्याने एक कमी करावा. आकडा शून्य झाला की पान मोकळे. पण हा आकडा मांडणे-खोडणे हेच जर दोन कारकुनांच्या वहीसारखे झाले, तर वापरणारा आत असतानाच खोली दुसऱ्या भाडेकऱ्याला जाईल. म्हणून अशा आकड्यासाठी प्रोसेसरमध्येच खास आज्ञा असते. उचलणे, मिळवणे आणि ठेवणे ही तिन्ही कामे ती अखंडपणे करते, मध्ये कोणाचाही हात शिरू शकत नाही.

पाचवा उपाय आम्हांला सर्वांत सुंदर वाटतो. वाचनालयात सकाळी नवे वर्तमानपत्र येते. नवा अंक मांडावा, पण कालचा अंक जो वाचत बसला आहे त्याच्या हातून तो ओढून घेऊ नये. तो उठेपर्यंत थांबावे आणि मग जुना अंक रद्दीत टाकावा. वाचणाऱ्याला कुलूप नको, रांग नको. जुने मोडणाऱ्याने तेवढा धीर धरायचा. पॉल मॅकेनी ह्यांनी विकसित केलेली ही पद्धत लिनक्समध्ये २००२ साली आली. त्या कामात दीपंकर सरमा ह्या भारतीय तंत्रज्ञाचा मोठा वाटा होता. जे वाचण्याचे प्रसंग अनेक आणि बदलण्याचे थोडे, तेथे ही पद्धत फार उपयोगी पडते.

आणि सहावी गोष्ट, जी डर्टी काऊने शिकवली: मध्ये थांबावे लागले, तर परत आल्यावर पुन्हा पाहावे. मघाचे पाहणे आताच्या कामाला चालत नाही.

श्रोतेहो, आता हे सारे कामगाराच्या जिवाशी कसे येऊन भिडते, ते सांगतो. कॅनडातील एका सरकारी मालकीच्या कंपनीने थेरॅक-२५ नावाचे यंत्र केले होते. कर्करोगाच्या रोग्यांना किरण देण्याचे ते यंत्र. १९८५ ते १९८७ ह्या काळात अमेरिका व कॅनडात त्याने सहा रोग्यांना भयंकर मोठी मात्रा दिली. त्यांतले काही जण दगावले. टेक्सासमधील टायलर गावी १९८६ साली जे घडले, त्याचे मूळ शर्यतीत होते. यंत्र चालवणारी बाई अनुभवी होती. तिने एक अक्षर चुकून टाकले, लगेच वर जाऊन दुरुस्त केले आणि झपाट्याने पुढे गेली. हा सारा व्यवहार आठ सेकंदांच्या आत झाला. तेवढ्या वेळात यंत्राचा दुसरा भाग लोहचुंबक जाग्यावर बसवण्यात गुंतला होता आणि त्याने ती दुरुस्ती पाहिलीच नाही. पडद्यावर बरोबर आकडे, आणि प्रत्यक्षात भलतीच मात्रा.

ह्यात विचार करण्याजोगी गोष्ट अशी की नवशिक्या, सावकाश काम करणाऱ्या माणसाच्या हातून ती शर्यत कधी उठलीच नसती. बाईचे कौशल्यच तेथे आड आले. आधीच्या यंत्रातही तसाच दोष होता, पण त्यात प्रत्यक्ष लोखंडी अडसर होते, म्हणून फार तर फ्यूज उडे आणि रोगी वाचे. नव्या यंत्रात ते अडसर काढले आणि सारा भार प्रोग्रॅमवर टाकला. अपघात झाल्यावर कंपनीचे पहिले उत्तर होते की असे घडणे अशक्य आहे. टायलरच्या रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ आणि ती बाई ह्या दोघांनी चिकाटीने पुन्हा पुन्हा प्रयोग करून तो दोष पकडला, तेव्हा कोठे सत्य बाहेर आले.

दुसरे उदाहरण १४ ऑगस्ट २००३ चे. अमेरिका आणि कॅनडातील सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. कारणे अनेक होती. त्यांतले एक असे की ओहायोतील वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना देणारा प्रोग्रॅम शर्यतीमुळे अडकून पडला. ऑपरेटरांना एक तासाहून अधिक काळ सूचना आलीच नाही, आणि सूचना नाही म्हणजे सर्व ठीक, असे ते समजत राहिले.

ह्या उदाहरणांचे तात्पर्य काय? शर्यतीची चूक रोज दिसत नाही. ती शंभर वेळा तपासून सापडत नाही आणि एकशे एकाव्या वेळी घात करते. तक्रार करणाऱ्याला सांगितले जाते, ‘आता करून दाखवा.’ तो करून दाखवतो तेव्हा सगळे सुरळीत चालते, आणि तो खोटा ठरतो. म्हणून ‘आमच्यासमोर तसे झाले नाही’ हा युक्तिवाद यंत्राच्या बाबतीत आपण कधीही मान्य करू नये. चूक क्वचित होते, ह्यावरून ती नाही असे सिद्ध होत नाही.

मग आपण काय मागावे? आम्ही संघटनेत तीन गोष्टी धरून आहोत. यंत्राच्या हिशेबाबरोबर मूळ नोंदींची यादी वेळेसह मिळाली पाहिजे. केवळ बेरीज देऊन भागणार नाही, कारण पुसली गेलेली नोंद बेरजेत दिसत नाही. तक्रारींची एकत्र नोंद ठेवली पाहिजे. एकट्या माणसाची तक्रार अपघात वाटते, पन्नास तक्रारी वेळेनुसार मांडल्या की फट कोठे आहे ते आपोआप दिसते. आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत कामगाराचे पैसे कापता कामा नयेत. ह्या तिन्ही मागण्यांना संगणकाची पदवी लागत नाही. वही आणि पेन्सिल पुरते.

तरुण मंडळींपैकी जे हे शास्त्र शिकत आहेत, त्यांना एवढेच सांगणे. प्रवरानगरपासून ह्या शहरापर्यंत आपल्या जिल्ह्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तेथून बाहेर पडणारी मुले उद्या हेच प्रोग्रॅम लिहिणार आहेत. त्यांनी प्रत्येक कुलुपाजवळ ते कशाचे रक्षण करते, हे शब्दांत लिहून ठेवावे. लिनक्सचा सारा मजकूर कोणालाही वाचायला खुला आहे. त्यातली मेमरीची प्रकरणे वाचावीत, जुन्या चुका वाचाव्यात. आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये ‘ही वेळ कधी येणारच नाही’ असे वाटेल तेथे थांबावे. पाळी सुटतानाची गर्दी त्यांनी पाहिलेली नसते. आम्ही ती रोज पाहतो. ती वेळ रोज दुपारी चार वाजता येते.